भूगोल नावाचं फोल्डर

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, “म्हणजे ते फुकटचं सॉफ्टवेअर ना? मग काय, चालेल की.” माझं डोकंच सटकलं. मी म्हटलं, बाई, फुकटचं नाही, मोकळं. कुणीतरी आपल्या वेळातला वेळ काढून ते लिहिलंय, सगळ्यांना वापरायला दिलंय, आतून कसं चालतं तेही उघडं ठेवलंय. फुकटचं म्हणजे काय, रस्त्यात सापडलेलं? बाई हसल्या आणि त्यांनी चहा मागवला. माझ्या अशा बोलण्यावर माणसं एक तर हसतात, नाही तर पुन्हा बोलवत नाहीत. या बाईंनी बोलावलं, हा त्यांचा मोठेपणा.

मी नेरूळला स्टेशनजवळच्या एका दुकानात बावीस वर्षं कॉम्प्युटरवर बसले. लग्नपत्रिका, वास्तुशांत, वाढदिवसाचे बॅनर, बाराव्याचे निरोप, सगळं माझ्या हाताखालून गेलं. माझे वडील साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या मार्केटात माथाडी. आपली पोरगी एसीत बसून माउस फिरवते याचं त्यांना कोण कौतुक! आता त्यांना कुठं सांगू, की ती ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते चोरीचं आहे. सगळ्याच दुकानांत तसंच असायचं. तपासणीवाले आलेत अशी नुसती आवई उठली, तरी शेठ शटर अर्ध्यावर ओढायचे आणि आम्ही आत अंधारात गुपचूप बसायचो. मला त्याची मनापासून लाज वाटायची. पुढं लोक मोबाइलवरच पत्रिका करायला लागले, दुकान बंद पडलं, आणि मी घरी बसून इंकस्केप हे मोकळं सॉफ्टवेअर शिकले. चित्रं, अक्षरं, पोस्टर, सगळं होतं त्यात आणि कुणाची चोरी नाही. मग मनात घेतलं, की पोरांना सुरुवातीपासून हेच शिकवायचं. त्यांच्यावर शटर ओढायची पाळी नको.

उलव्यातली ही शाळा मिळाली. दर शनिवारी सकाळी स्कूटी काढायची, खाडीचा पूल ओलांडायचा, नववीच्या वर्गाला दोन तास शिकवायचं. लॅबमध्ये बारा मशीन होती, त्यातली नऊ चालायची. चालायची म्हणजे काय, सुरू करून हजेरी घेतली की मग पडदा उजळायचा. मुलं मात्र एक नंबर. कुणी काकाच्या वडापावच्या गाडीला लोगो केला, कुणी द्रोणागिरीला कंटेनरवर जाणाऱ्या बापासाठी ट्रकच्या पाठीमागची पाटी केली. “मॅडम, एकदम कडक दिसतंय ना?” असं विचारत सगळी माझ्याभोवती गोळा व्हायची. मला मूल नाही. त्या दोन तासांत मी किती खूश असायचे ते मी घरी कुणाला सांगितलं नाही, आपलं हसं कशाला करून घ्या.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. इंकस्केपात फोटो आणला की ते विचारतं, फोटो फाईलच्या आत घेऊ की नुसता जोडू? आत घेतला की फाईल जड होते. नुसता जोडला, म्हणजे लिंक केला, की फोटो जिथं आहे तिथंच राहतो आणि फाईल फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवते. दिसायला दोन्ही सारखंच, पडद्यावर फोटो दिसतो. आमची मशीन इतकी मरतुकडी, की मोबाइलचे दोन फोटो आत घेतले की बसलीच. म्हणून मी वर्गात फर्मान काढलं होतं, फोटो कधी आत घ्यायचा नाही, नुसता जोडायचा. दुकानातही आम्ही असंच करायचो. फक्त दुकानात काम बाहेर जाताना फाईल आणि तिचे सगळे फोटो एका फोल्डरात घालूनच द्यायचो. तेवढं मी शिकवलं नाही. पोरांचं काम कुठं बाहेर जाणार होतं!

जुलैमधल्या एका शनिवारी वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागं थांबली. वर्गात कधी आवाज न करणारी, सात नंबरच्या मशीनवर बसणारी. दोन वेण्या, हातात एक मोबाइल, त्याची काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली.

“मॅडम, मोबाइलमदले फोटो यात घेता येतात का?”

“येतात की. केबल आणलीस?”

आणली होती. फोन तिच्या आईचा. आई माघात गेली, तापाने, आठ दिवसांत सगळं संपलं. ती हे अगदी सरळ सांगत होती. त्यांचं मूळ गाव विमानतळात गेलेलं. गाव हलवताना टेंपोवर पाणी पडून आई-बापाच्या लग्नाचा अल्बम भिजला, पानं एकमेकांना चिकटली. नंतरच्या लग्नकार्यांत आई असायची ती मागच्या रांगेत, नाही तर पंगतीत वाढताना पाठमोरी. नीट चेहरा होता तो या फोनमध्येच. दुपारच्या वेळी एकटी असताना आईने आपले आपणच काढलेले फोटो. फोनचं नेट सगळं मुलीच्या अभ्यासाला जायचं, म्हणून फोटो दुसरीकडे कुठं साठवायचे वगैरे भानगड तिने कधी केलीच नव्हती.

“आनि मॅडम, छोटी विसरते,” ती म्हणाली.

छोटी म्हणजे तिची बहीण, आई गेली तेव्हा दोन वर्षांची. सुरुवातीला आई आई करून रडायची. आता रडत नाही. शेजारची काकू आईसारखाच हिरवा गाऊन घालून आली की तिच्याकडे बघत बसते, बस. मोठीला याची धास्ती होती. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, त्यातला एक चांगला निवडून आईचा चेहरा नीट काढायचा, मोठा, आणि वर्षश्राद्धाच्या बॅनरवर तोच लावायचा, मग घरात भिंतीवर. म्हणजे छोटीला आई कशी होती ते कायमचं कळेल. “ती दुकानवाली करतात ना, ढग आनि कमळ, तसलं नको मला,” ती म्हणाली. तसले ढगांचे आणि कमळांचे शेकडो बॅनर मीच केलेले.

आम्ही दोघींनी मिळून फोटो सात नंबरवर उतरवले. साठेक असतील. तिने त्यातला एक निवडला. गच्चीवर कपडे वाळत घालतानाचा. आईच्या गाऊनच्या गळ्याला ओळीने कपड्यांचे चिमटे लावलेले, कडेवर छोटी, छोटीचा हात कॅमेऱ्याकडे आलेला आणि आई तोंड भरून हसतेय. एक दात जरासा पुढं. चिमटे मीही तसेच गळ्याला लावते. बाई मला एकदम ओळखीची वाटली.

मग सुरू झालं तिचं काम. फोटो जोडायचा, वर दुसरा थर घ्यायचा आणि पेनने चेहऱ्याच्या कडेकडेने रेघ ओढत जायची. प्रत्येक वळणावर एक बिंदू, बिंदूला दोन दांडे, दांडा ओढला की रेघ वळते. बाकीची पोरं भराभर बिंदू टाकायची आणि चेहरा बटाट्यासारखा करून मोकळी व्हायची. ही एका भुवईला एक पूर्ण शनिवार लावायची. मी ओरडायचे, “अगं बाई, असं केलंस तर वर्षश्राद्ध काय, पुढचे गणपती येतील!” ती मान खाली घालून म्हणायची, “चुकलं तर छोटीला चुकीचीच आई कळंल ना.”

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. मी ऑफिसात मुख्याध्यापिका बाईंशी भांडत होते. भांडण नेहमीचंच, लॅबच्या मशीनवरची सगळी सिस्टीमच चोरीची आहे, ती काढून मोकळी बसवू द्या म्हणून. एका कानाला फोन लावला. वडील म्हणाले, “मॅडम, पोरीच्या आयशीचा फोन बंदच पडत चाललाय. एक्स्चेंजमदे देऊ का? पोरगी सांगते फोटो तुमच्याकडं हाय.” मी म्हटलं, “हो हो, शाळेत आहेत, एकदम सेफ. बिनधास्त द्या.” ते म्हणाले, “तुमी बोल्लाव ना, मंग टेन्शन नाय.” फोन ठेवला आणि मी पुन्हा भांडायला लागले. अर्धं मिनिट लागलं असेल सगळ्याला. त्या अर्ध्या मिनिटाचा मी नंतर किती विचार केला, देवालाच ठाऊक.

भांडण मी जिंकले. दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी लॅबची किल्ली माझ्या हातात दिली. तीन दिवस रोज सकाळी डबा घेऊन गेले. मला काय आनंद झाला होता! वाटत होतं, एवढ्या वर्षांची लाज धुऊन काढतेय. एकेक मशीन उघडायची, मुलांचं काम पेन ड्राइव्हवर घ्यायचं, मशीन पूर्ण पुसायची, नवी सिस्टीम घालायची. पूर्ण पुसायची म्हणजे नुसतं वरवर नाही, सगळी डिस्क कोरी होईपर्यंत. त्याला वेळ लागतो, पण मी म्हटलं, करायचं तर नीट करायचं. चोरीचा कणसुद्धा मागं नको.

सात नंबर दुसऱ्या दिवशी आलं. मुलांच्या कामाच्या फोल्डरात तिची फाईल होती, ‘आई’ नावाची. ती घेतली. इथं माझ्या मनात शंका आली नाही असं नाही, आली होती. दुकानातली सवय. म्हणून पेन ड्राइव्हवर घेतलेली फाईल मी तिथंच उघडून बघितली. फोटो दिसला, हसरा, चिमट्यांसकट. म्हटलं, चला, झालं. पण तो दिसला कशामुळे? फोटो अजून त्याच मशीनच्या डिस्कवर होता, फाईल त्या पत्त्यावर जाऊन त्याला दाखवत होती. वर्षाला एखादा नवा पोरगा दुकानात ही चूक करायचा आणि मी त्याची सगळ्यांसमोर बिनपाण्याने करायचे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ म्हणायचे, गाढवा, त्याच्यावर काय बघतोस? आणि मी नेमकं तेच केलं.

पुसण्याआधी उरलेल्या डिस्कवर एकदा नजर टाकली. कुणी डाउनलोड केलेली गाणी, गेम, कसले कसले प्रोजेक्ट. एक फोल्डर होतं ‘भूगोल’. चांगलं आठवतं, त्याच्यावर माउस नेला होता मी. मग म्हटलं, भूगोलाशी आपल्याला काय करायचंय, आणि पुसायला लावलं. डबा उघडला. मेथीचे पराठे होते.

शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी पोरं नव्या पडद्याकडे बघून “अरे, हे तर उडतंय!” असं ओरडत होती. मशीन खरंच पळत होती. मी सगळ्यांच्या फाईली परत ज्याच्या त्याच्या जागी टाकल्या होत्या. सात नंबरवर तिने फाईल उघडली. मी दोन बाकं पलीकडे होते. तिने हाक मारली नाही, नुसता हात वर केला, वर्गात उत्तर द्यायचं असल्यासारखा.

फोटोच्या जागी रिकामी चौकट होती आणि चौकटीत लाल फुली. वर तिने ओढलेल्या रेघा तेवढ्या तरंगत होत्या. एक भुवई, एक डोळा, एक कान, केसांची कड.

“मॅडम, फोटो दुसऱ्या फोल्डरला असंल.”

“कुठल्या?”

“भूगोल. नंतर मी भूगोल नाव दिल्तं. पोरं उघडून बघतील, हसतील म्हनून.”

आणि मी काय केलं सांगू? मी खोटं बोलले. म्हटलं, “हां हां, ते माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे, पुढच्या शनिवारी आणते.” तिने मान डोलवली आणि ती कानाच्या रेघेवर पुन्हा काम करायला लागली. माझ्यावर विश्वास ठेवून. त्या दिवशी स्कूटी चालवताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं. पुलाच्या पलीकडे गाडी बाजूला घेतली आणि हेल्मेट न काढता रडले. आपण किती नीच आहोत असं मला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी शाळेत जाऊन सात नंबरची डिस्क काढली आणि वाशीला एका ओळखीच्याकडे नेली, पुसलेलं परत काढून देणाऱ्याकडे. त्याने विचारलं, “ताई, नुसतं डिलीट केलंय की पूर्ण पुसलंय?” मी म्हटलं, पूर्ण. “कुणी केलं एवढं व्यवस्थित?” मी पर्सची चेन लावत बसले. त्याला कळलं असावं, कारण त्याने पुढं विचारलं नाही आणि खुर्ची पुढं सरकवली.

पुसण्याचं काम डिस्कच्या शेवटी कुठंतरी थोडं अडकलं होतं म्हणे, तेवढ्या भागातलं काही निघालं. पंधरा दिवसांनी त्याने बोलावलं. पाच फोटो होते, म्हणजे पाच फोटोंचे वरचे तुकडे. फोटो वरून खाली साठवलेला असतो, म्हणून तुटला की वरचा भाग राहतो आणि खाली सगळा राखाडी पट्टा. एकात नुसता पंखा आला होता. एकात भिंतीवरचं कॅलेंडर. दोनांत आभाळ आणि कपड्यांची दोरी. पाचव्यात आईचा भांग आला होता, नीट मधोमध पाडलेला, कुंकवाचं बोट लागलेला. कपाळ सुरू होतंय न होतंय तोवर राखाडी. मी त्या माणसाला म्हटलं, “अरे, थोडं खाली, दोन बोटं खाली निघत नाही का?” तो म्हणाला, “ताई, नाही हो.” मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

तोवर दोन शनिवार मी थापा मारल्या होत्या. एकदा पेन ड्राइव्ह विसरले, एकदा लाइट गेली होती. तिसऱ्या शनिवारी वर्ग सुटल्यावर तिला बसवून खरं सांगितलं. सगळं. की मीच पुसलं, मीच फोल्डर बघून सोडून दिलं, मीच तुझ्या पप्पांना फोन द्यायला सांगितलं. ते पाच तुकडे दाखवले. ती पंख्याचा फोटो बघून म्हणाली, “हा आमच्या किचनमदला.” भांगाचा फोटो मात्र तिने किती तरी वेळ बघितला. मग माउसने हळूहळू खाली सरकवत गेली, राखाडीतून खाली, अगदी शेवटपर्यंत. मला म्हणाली, “मॅडम, लिंक म्हनजे नुसता पत्ता असतो, हे तुमाला माहीत होतं ना?”

मी म्हटलं, “हो. माहीत होतं.”

ती ओरडली असती, दप्तर आपटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

वडिलांना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. प्लॉटवर बांधलेलं दुमजली घर, खालचा मजला भाड्याने दिलेला, वर हे तिघं आणि वडिलांची बहीण. माणूस माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, पण मला ‘मॅडम, बसा ना’ म्हणून स्वतः उभाच. ऐकून घेतलं सगळं. मान खाली. छोटी जमिनीवर स्टीलच्या वाट्या एकात एक घालत होती. मग ते बहिणीला म्हणाले, “चाय ठेव गो,” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमी काय मुद्दाम केलाव काय. पोरीला तुमी शिकवलं, तेच लय हाय.” मला वाटलं, याने मला घराबाहेर काढावं. चहा आला. तो मी प्यायले. नाही कसं म्हणणार होते?

नातेवाइकांच्या फोनमध्ये शोधाशोध झाली. पंगतीतली पाठ सापडली, हळदीच्या गर्दीतला अर्धा खांदा सापडला. शेवटी राहिला आधार कार्डावरचा फोटो. तो आपल्या सगळ्यांचा जसा असतो तसाच. डोळे ताणलेले, ओठ मिटलेले, गुन्हा केल्यासारखा चेहरा. त्यात ती बाई कुठंच नव्हती.

मी मुलीला म्हटलं, “तू आठवून पुरं कर. अर्धी आई तर काढलीच आहेस, दुसरी बाजू तुझ्या मनातून काढ. तुझ्यापेक्षा कोण चांगलं ओळखतं तिला?” मला खरंच वाटत होतं की हे होईल. त्यात माझीही सुटका होईल असं वाटत असणार, खोटं कशाला बोलू. ती तीन शनिवार बसली. काढलेला डोळा उलटा करून दुसऱ्या बाजूला ठेवून बघितला, तर भलतीच कुणी बाई दिसायला लागली. माणसाचे दोन डोळे सारखे कुठं असतात! तो काढला, पुन्हा काढला, पुसला. पुढं आलेला तो दात डावीकडचा की उजवीकडचा, हे तिला आठवेना. फोटोत मीही कितीदा बघितलेला तो दात, मलाही आठवेना. तिसऱ्या शनिवारी तिने सगळं नीट सेव्ह केलं, मशीन बंद केलं आणि खुर्ची आत सारली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मला वाटायचं फक्त छोटीच विसरते.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि ठेवता आला नाही.

माघात वर्षश्राद्ध झालं. मला बोलावणं होतं, वडिलांनी स्वतः फोन केला होता. विमानतळ सुरू झालेला, डोक्यावरून विमान गेलं की भटजींचे मंत्र मधेच बुडायचे आणि सगळे थांबायचे, मग पुन्हा सुरू. कोपऱ्यावर विजेच्या खांबाला बॅनर बांधला होता. दुकानातून करून आणलेला, ढग आणि कमळ. मधोमध आधार कार्डावरचा चेहरा, ओढून ओढून पुरुषभर उंच केलेला. एवढा मोठा केल्यावर त्याचे चौकोन चौकोन दिसत होते, आणि दुकानवाल्याने ते लपवायला गालांवरून गुळगुळीत करून घेतलं होतं. माझ्या सवयीने मला आधी तेच दिसलं. मला स्वतःचा राग आला.

बायका छोटीला कडेवर घेऊन बॅनरपाशी नेत होत्या. “नमस्कार कर, बाय. कोन हाय ती? आई हाय. बोल, आई.” छोटी शहाण्यासारखी हात जोडत होती, “आई” म्हणत होती, आणि बायका डोळे पुसत होत्या. कुणीतरी तिला फूल दिलं, ते तिने बॅनरच्या कडेला खोचलं. आत्या म्हणाली, “बघ, वलखलं पोरीनं आयशीला.”

मोठी जरा लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. शाळेचाच ड्रेस, वेण्या. बॅनरकडे पाठ. येणारे-जाणारे तिला ‘पुढं ये, हात जोड’ म्हणत होते, तरी ती वळत नव्हती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, “राग आलाय माझा?”

तिने मान हलवली. नाही.

“मग अशी का उभी? एकदा हात जोडून ये, पप्पांना बरं वाटेल.”

“नको मॅडम,” ती म्हणाली. “ते बघितलं ना, की तेच डोक्यात बसंल. मंग जी थोडी आठवते ती बी जाईल.”

मीही तिच्यासारखीच रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. वरून आणखी एक विमान गेलं, मंत्र थांबले. ते लांब गेल्यावर मागून आत्याचा आवाज आला. ती छोटीला घरात चल म्हणत होती. छोटी येत नव्हती, तिला अजून आईला बघायचं होतं.